मैफलींच्या ध्वनिफिती आणि पाठचिकित्सा

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांना आपले गाणे कोणी ध्वनिमुद्रित करावे हे रुचत नसे. तरीही त्यांच्या गायनाच्या काही खासगी ध्वनिफिती आज ऐकावयास मिळतात. अशा फिती एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरत जातात. त्यांची परंपरा हस्तलिखितांसारखीच होय. म्हणून त्यांच्या शुद्धीकरणासही पाठचिकित्सेची शिस्त हवी.

संग्राहकाचा पहिला हव्यास खरखर पुसून टाकण्याचा असतो. परंतु दोष हाच पुष्कळदा पुरावा ठरतो. मुद्रणात शिरलेला विजेचा गुणगुणाट आपल्याकडे स्थूलमानाने सेकंदास ५० कंपनांचा असतो. एखाद्या प्रतीत तो ५३ भरला, तर फीत सुमारे सहा टक्के जलद चालली आणि गायिकेचा षड्ज जवळजवळ एका पट्टीने चढला, असे अनुमान निघते. गुणगुणाट आधीच पुसणारा हे मापच गमावतो. शिवाय, खरखर काढणारी संगणकीय प्रक्रिया अखंड, एकसारख्या ध्वनीस दोष समजू लागते. तीत तंबोऱ्याची आसही विरण्याचा धोका असतो.

भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याज्य पाठही तळटीपांत राखले आहेत. ध्वनिफितीच्या संपादकानेही मूळ प्रत अबाधित ठेवावी व प्रत्येक फेरफार नोंदवावा. जिला ध्वनिमुद्रणच नको होते, तिच्या बाबतीत ही जबाबदारी दुणावते. एरवी श्रोत्याच्या हाती येते ते गायिकेचे गाणे नव्हे, तर संपादकाची आवड.