वाऱ्याकडे तोंड केलेलं गाव

इटलीतलं पितिल्यानो ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या कड्यावर उभं आहे आणि घरंही त्याच दगडाची आहेत. कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे लांबून सांगता येत नाही. अशी गावं पाहायला लोक मुलाबाळांसकट एवढा प्रवास करतात. तीच नजर घेऊन भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून उत्तनला यावं. तिथे वाचण्यासारखं इतकं आहे की सुट्टीचा एक दिवस कमी पडतो.

सुरुवात दगडापासून करावी. डोंगरीच्या खाणींमधला रायोलाइट हा दगडही ज्वालामुखीचाच, पण सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टाहून फिक्या रंगाचा आणि वयाने धाकटा. त्याचं वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षं भरतं. लाव्हा थंड होताना उभा तडकत गेला आणि त्याचे खांब झाले. पुढे इथली सारी जमीनच समुद्राकडे वाकली, म्हणून हे खांबही कललेले दिसतात. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगला फळा मिळायचा नाही.

पण दगड सारखा असला तरी गाव वेगळं का दिसतं? माझ्या मते उत्तनच्या रूपाची किल्ली या प्रश्नात आहे. इटलीतली माणसं शत्रूच्या आणि सखल भागातल्या हिवतापाच्या भीतीने डोंगरावर चढून बसली. उत्तनच्या माणसांनी टेकडी सैनिकांसाठी सोडली आणि स्वतः होड्यांजवळ, वाळूवर राहिली. वरचा धारावी किल्ला वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो घेण्यासाठी मराठ्यांना झगडावं लागलं. १७३९च्या मे महिन्यात वसई पडली, त्याच्या थोडंच आधी धारावी पक्की हाती आली होती. आज वर अवशेष फार उरलेले नाहीत. तिथे इतिहास दगडांपेक्षा जागेतून कळतो: उत्तरेला पाणी, पलीकडे वसई.

उत्तनचा खरा रस मात्र खाली, वलांडीत आहे. बांबूंच्या उभ्या मांडवावर आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर ओळीने बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, म्हणजे गाठ लागत नाही, हूक लागत नाही. माशाच्या वाकड्या दातांचाच उपयोग. ही हातोटी मला कुठल्याही कोरीव कामाइतकी देखणी वाटते. ताजा बोंबील गुलाबीसर, जवळजवळ आरपार दिसणारा असतो. उन्हाने तो आखडतो, पिवळसर होतो आणि वारा सुटला की सगळी रांग कोरडी खुळखुळते. थंडीतल्या भर दुपारी, लख्ख उन्हात ही वलांडी पाहावी. संध्याकाळच्या मऊ प्रकाशात ती नुसती छायाचित्राची पार्श्वभूमी होते.

हे सगळं का, तर बोंबलाच्या अंगात पाणीच फार. तो टिकत नाही. डोल जाळ्यात तो भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर येतो. जाळं समुद्रात बांधून ठेवलेलं असतं, त्याचं रुंद तोंड प्रवाहाला सामोरं आणि मागचा भाग निमुळता. मासा आला की विकायचा, नाहीतर लगेच वाळवायचा. म्हणून इटलीतल्या गावाने मधली मोकळी जागा चौकाला आणि चर्चला दिली, तशी उत्तनने ऊन-वाऱ्याची सगळ्यात चांगली जागा माशाला दिली. वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावून घाईने पुढे जाणारे पाहुणे या गावाच्या रचनेचा गाभाच सोडून जातात.

चर्चमध्ये थोडा वेळ जरूर बसावं. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांची ही वस्ती आजही प्रार्थना मराठीत म्हणते आणि लुगडं नेसलेल्या वयस्क बाया मिस्सा संपली की थेट मासळीकडे वळतात. देऊळ किंवा चर्च पाहायचं म्हणजे छताची नक्षी पाहायची, ही सवय इथे बाजूला ठेवावी. गाणाऱ्या आवाजांकडे कान द्यावा.

फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं. "मावशी, हे बोंबील कधी टाकलेत?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं आणि कुठली रांग दळदार, कुठली अजून कच्ची, तेही कळतं. पिशवीभर घ्यावेत, मात्र पूर्ण कडक झालेलेच.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वलांड्या रिकाम्या. तरी मुलांना घेऊन एकदा त्या दिवसांतही जावं. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, आणि एरवी पाण्याखाली राहणारा होडीचा अख्खा तळ, त्याचा कणा आणि फळ्यांचे सांधे, जवळून पाहायला मिळतात.