राजे कमी, गावं जास्त : ‘महिकावतीची बखर’ पनवेलहून वाचताना

‘महिकावतीची बखर’ सांगते की शके १०६० मध्ये प्रतापबिंब नावाचा राजा सैन्य घेऊन उत्तर कोकणात उतरला, केळवे-माहीमपासून खाली येत त्याने ठाण्यापर्यंतचा मुलूख घेतला आणि आजच्या मुंबईतल्या माहीमला, म्हणजे महिकावतीला, राजधानी केली. आता पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागा. उरणजवळच्या चांजे गावात एक शिलालेख सापडला होता. त्यावरही शक १०६० आहे, पण राजा आहे शिलाहार अपरादित्य, आणि तो तिथली जमीन दान देतोय. मुलूख हातातून गेलेला राजा त्या मुलखातली शेतं-बागा वाटत बसत नाही. बरं, हा अपरादित्य साधासुधा नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ टीका त्याच्या नावावर आहे, आणि त्याचा दूत काश्मीरच्या पंडितांच्या सभेत हजर होता, असं मंखाच्या काव्यात येतं. पुढे शके ११८१ आणि ११८२ चे रानवड आणि चांजे इथले लेख शिलाहार सोमेश्वराचे आहेत. म्हणजे बखरीतल्या विजयानंतर सव्वाशे वर्षांनीही या खाडीकाठी शिलाहारच होते.

मग बखर फेकून द्यायची का? अनेक जण तेच करतात. उरलेले उलट टोकाला जातात. तिच्यातली कुळांची यादी उघडतात, आपलं आडनाव शोधतात, स्क्रीनशॉट काढतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात. मला दोन्ही वाचनं आळशी वाटतात.

मुळात हे एक पुस्तक नाही. गद्य-पद्याची मिसळ असलेली सहा प्रकरणं आहेत, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. त्यातला सगळ्यात जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० चा, म्हणजे इ.स. १४४८ चा. वि. का. राजवाड्यांनी हे सगळं १९२४ मध्ये छापलं आणि त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली. प्रतापबिंब आणि केशवाचार्य यांच्यात तीनशे वर्षांचं अंतर आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या शकाबाबत १४४८ मधल्या माणसावर मी दगडापेक्षा जास्त विश्वास ठेवणार नाही. पण १४४८ मध्ये लोकांना कशाची भीती वाटत होती, हे सांगायला त्याच्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

आणि तिथेच बखर जिवंत होते. मालाडचा देसला नायकोराव. त्याच्या स्वप्नात देवी येते आणि सांगते की महाराष्ट्रधर्म बुडत चाललाय, लोकांना एकत्र कर. तो कुलगुरू केशवाचार्यांकडे जातो, माणसं जमवली जातात, आणि कोण कुठून आलं, कुणाचं कूळ काय, कुणाचा आचार काय हे सगळं सांगितलं जातं. बखरीचा जन्म असा झालाय. ‘महाराष्ट्रधर्म’ म्हटलं की आपल्याला रामदास आठवतात. तो शब्द इथे त्यांच्या दोनशे वर्षं आधी आहे, आणि त्याचा अर्थ राज्य मिळवणं असा नाही. आपण कोण हे विसरू नका, एवढाच आहे. कुळांची यादी या धास्तीतून आलीय. ती जनगणना म्हणून वाचली की फसगत होते.

राजवाड्यांची प्रस्तावना हा वेगळाच प्रकार आहे. कोकणातल्या गावकऱ्याला वर राजा कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, राजवटी डोक्यावरून गेल्या आणि गाव आपलं शेत कसत राहिलं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा वाचताना हे एकदम पटतं. पण ज्या ग्रंथाला ही प्रस्तावना आहे त्यातच नायकोराव आहे! गावपातळीवरचा एक वतनदार, ज्याची झोप राजवट बदलल्यामुळे उडालीय. संपादकाचा सिद्धांत आणि संपादित मजकूर एकमेकांना छेद देतात, आणि राजवाडे त्यावरून पुढे निघून जातात. त्यांच्या लेखनातला आवाज इतका ठाम असतो की वाचकही त्यांच्यामागून निघून जातो.

तरीही प्रस्तावनेतला एक भाग मी परत परत वाचतो, तो गावांच्या नावांचा. उत्तर कोकणातली शेकडो ग्रामनावं घेऊन त्यांनी पाहिलं की गावं झाडांवरून, प्राण्यांवरून, पाण्यावरून, जमिनीच्या पोतावरून ओळखली जातात. राजांची नावं त्यात क्वचित. म्हणजे वसाहतीचा इतिहास ताम्रपटांच्या आधी नावांत साठलेला आहे. त्यांच्या काही व्युत्पत्त्या ओढूनताणून आणलेल्या आहेत, पण पद्धत मोलाची आहे. पळस्पे फाट्यावर एसटीची वाट बघताना पळस आठवतो, चिंचपाड्यात चिंच ऐकू येते.

या पद्धतीला पुढे काय झालं, हे बघायचं तर बंगालकडे बघावं लागतं. नीहाररंजन राय यांचं ‘बांगालीर इतिहास : आदिपर्व’ १९४९ चं. त्यात राजवंश आहेत, पण नद्या, जमीन, शेती, गावं आणि समाजातले थर यांच्यानंतर. प्राचीन बंगालचा भूगोल आणि माणसं आधी, सिंहासन मग. राजवाड्यांनी पंचवीस वर्षं आधी दार ढकललं होतं. आपल्याकडे त्या दारातून आत जाऊन उत्तर कोकणाचं तसं एकहाती पुस्तक कुणी लिहिलं नाही. (बंगालचं आपल्याशी नातंही जुनं. शके ७७५ च्या कान्हेरीच्या लेखात गौड देशाहून आलेला गोमिन अविघ्नाकर हा बौद्ध उपासक तिथल्या विहाराला शंभर द्रम्म देतो. बखरीच्या कुळयादीत अशा माणसाला जागा कुठली?)

जागा नसलेले आणखीही आहेत. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर राहणारे कातकरी आणि ठाकर. बखरीत सगळे कुठून तरी येतात, पैठणहून, चांपानेरहून. ‘आलो’ हीच तिथे प्रतिष्ठा. जे आधीपासून होते त्यांची गोष्ट नाही. राजवाड्यांनी निदान त्यांची दखल घेतली, वसाहतीच्या थरांत त्यांना सगळ्यात जुनं मानलं. पण घेतली ती संस्कृतीच्या पायऱ्या लावून, आणि आपण स्वतः वरच्या पायरीवर उभं राहून. आज ती पानं वाचताना माझा अंगठा स्क्रीनवर थबकतो. ती वगळून वाचू नका. एवढी तल्लख नजर कुठे आंधळी होते, ते त्यातच दिसतं.

पनवेलमध्ये हे सगळं जुनं वाटत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. कोंबडभुजे, वाघिवली, तरघर, कोपर, चिंचपाडा. पुनर्वसनाच्या नव्या वस्तीला नाव मिळालं पुष्पकनगर. राजवाड्यांच्या यादीत हे नाव कुठल्या रकान्यात बसेल? झाड नाही, प्राणी नाही, पाणी नाही. त्या गावांतली म्हातारी माणसं अजून पत्ता सांगताना जुनंच नाव आधी घेतात.

बखर वाचणार असाल तर प्रतापबिंबापासून सुरू करू नका. केशवाचार्यांच्या भागातला नायकोराव आधी वाचा, मग राजवाड्यांची ग्रामनावं. कुळांची यादी शेवटी, आणि स्क्रीनशॉट न काढता.