हळदीच्या वस्त्रातला पेला

पेटीवरची गाठ सोडण्याची घाई आपण करू नये. समोर जपानी चहाविधीतला मातीचा पेला आहे, पण तो अजून दिसत नाही. दिसते ती फिकट लाकडाची, रंगरोगण न केलेली चौकोनी पेटी आणि तिला दोन्ही दिशांनी वेढून झाकणावर एकत्र येणारी चपटी फीत. या फितीला सानादा-हिमो म्हणतात. ती पीळ घातलेली दोरी नव्हे. उभे-आडवे धागे घालून मागावर विणलेले ते एक चिंचोळे वस्त्रच असते, म्हणून ती ओढली तरी फारशी ताणत नाही आणि नीट बसलेली गाठ सहसा सैल पडत नाही. चहाविधीच्या निरनिराळ्या परंपरांनी आपापल्या फितींचे रंग आणि पट्टे ठरवून घेतले आहेत. त्यामुळे जाणकाराला पेटी उघडण्याआधीच, नुसत्या रंगांच्या मांडणीवरून, आतल्या पेल्याचे घराणे ओळखता येते.

गाठ सुटली की हात लाकडावर जातो. हे किरीचे लाकूड, आणि त्याचे पहिले आश्चर्य हलकेपणाचे; जपानी लाकडांत याहून हलके नाही. हवेत दमटपणा वाढला की ते किंचित फुगते, झाकण आणि भिंत यांमधली फट मिटते आणि ओल बाहेरच थांबते. कोरड्या दिवसांत ते पुन्हा आकसते. मुलगी जन्मली की किरीचे झाड लावायचे आणि तिच्या लग्नात त्याच लाकडाची कपड्यांची पेटी करून द्यायची, अशी जुनी रीत त्या देशात होती. पावसाळ्याची जाण असलेल्या माणसांनीच निवडावे असे हे लाकूड आहे.

झाकण उचलले की पिवळा रंग दिसतो, आणि तो आपल्या ओळखीचा निघतो. उकोन म्हणजे हळद. कीड लागू नये म्हणून हळदीत रंगवलेल्या सुती फडक्यात पेला गुंडाळण्याची ही पद्धत. आज पुष्कळदा रासायनिक रंग वापरतात, तरी पिवळेपण सोडत नाहीत. लोणच्यात, जखमेवर, लग्नघरात हळद जिथे जिथे येते तिथे ती राखणीसाठी आलेली असते, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. या फडक्याची घडीही पाहण्यासारखी आहे. पेला मधोमध ठेवतात, टोके एकेक करून वर घेतात आणि तोंडावरून आतल्या पोकळीत उतरवतात. म्हणजे जे कापड बाहेरून अंगाला लपेटलेले तेच आतूनही काठाला सांभाळते. आणि भारताचा स्पर्श एवढ्यावर संपत नाही. पोर्तुगीज आणि डच गलबतांतून गेलेले आपल्याकडचे छापील सुती कापड जपानी रसिकांना इतके भावले की त्याचे लहान तुकडेसुद्धा जपून त्यांनी चहाच्या मौल्यवान भांड्यांसाठी पिशव्या शिवल्या. अलिबागजवळच्या चौलचे नाव लाभलेले पातळ रेशीमही असेच तिथे पोहोचले आणि पुढे क्योतोचे विणकर तसे कापड स्वतः विणू लागले.

आता ज्या पेल्यासाठी ही सारी सिद्धता पराकोटीला गेली, त्याच्याकडे वळू. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहात कोहो-आन नावाचे उपमंदिर आहे. तिथे किझाएमोन इदो हा पेला आहे. १९३१ मध्ये कलामीमांसक यानागी सोएत्सु आपले मित्र, कुंभार कावाई कान्जिरो यांच्यासह तो पाहायला गेले. पेला पाच पेट्यांत होता, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. आणि सगळ्यांत आत मऊ भरणात जांभळ्या रेशमात गुंडाळलेला. सभामंडपातून अंतराळात आणि अंतराळातून गाभाऱ्यात जावे, तशी ही वाट. आणि गाभाऱ्यात काय? सोळाव्या शतकातल्या कोरियातल्या एका अनाम कुंभाराने भराभर फिरवलेला, जेमतेम १५ सेंटिमीटर तोंडाचा, फळासारख्या पिवळसर झाकेचा वाडगा; तळाच्या कड्याभोवती झिलई आकसून थेंबाथेंबांनी गोठलेली. यानागींच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा किती साधा आहे! त्यांच्या मते तो गरिबाच्या घरातला रोजच्या भाताचा वाडगा होता. त्या साधेपणातच त्यांना त्याचे सारे सौंदर्य सापडले.

मला मात्र त्या पाच पेट्यांपाशी रेंगाळावेसे वाटते. अशा पेल्याचा नवा धनी जुनी पेटी टाकून देत नाही. तिच्यावरचे अक्षर, तिची फीत जशीच्या तशी ठेवून तिच्याबाहेर आपली पेटी घालतो. आतून बाहेर येत गेलो तर आपण काळातून पुढे येत असतो. ओसाकाच्या ज्या व्यापाऱ्याचे नाव या पेल्याला लाभले, तो किझाएमोन पुढे कफल्लक झाला, तरी पेला त्याने विकला नाही. पिशवीत घालून गळ्यात अडकवून तो फिरे, असे सांगतात. मात्सुएचे सरदार आणि चहाविधीचे थोर जाणकार मात्सुदाइरा फुमाई यांनी अठराव्या शतकात तोच पेला ५५० र्यो देऊन घेतला. १९५१ मध्ये तो जपानचा राष्ट्रीय ठेवा ठरला. गळ्यातली पिशवी आणि जांभळे रेशीम, दोन्हींत जिव्हाळा एकच. माझ्या लेखी तर पिशवीचा मान तसूभरही कमी नाही.

आपल्या घरातल्या मगाला या पेल्याला नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे कान. तो वेगळा घडवून ओल्या मातीच्या राबडीने जोडलेला असतो, म्हणून धक्का लागला की बहुधा तिथेच निखळतो. भेट म्हणून मग बांधताना आधी कानाच्या पोकळीत कागदाची सुरळी सरकवावी, त्यावरून वेढा द्यावा, पोटात कागदाचा बोळा भरावा आणि मगच सगळ्याला कापडात घ्यावे. उकोनच्या घडीचे शहाणपण इथेही जसेच्या तसे लागू पडते. ओल मात्र आत कोंडू नये. कच्च्या अंगाची माती पाणी पिते, म्हणून चहाविधीचे पेलेही वापरल्यावर काही दिवस उघडे वाळवतात, तेव्हाच पेटीत जातात.

आणि झाकणावरचे अक्षर. जपानी कुंभार आपल्या भांड्याच्या पेटीवर शाईने भांड्याचा प्रकार आणि आपले नाव लिहितो. अशी स्वतःच्या हस्ताक्षरातली पेटी हरवली तर भांड्याचे मोल उतरते, इतका तिचा मान. त्या १९३१ च्या भेटीत यानागींच्या शेजारी असलेले कावाई कान्जिरो पुढे आपल्या भांड्यांवर सहीच करीत नसत. अनाम कोरियन हातांनी जे साधले होते त्याच्या जवळ जाण्याची ती त्यांची रीत असावी. त्यांचे भांडे हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले तरी नाव सापडत नाही. ते शोधायला पुन्हा पेटीकडे यावे लागते.