लाल न दिसणारी काच

रॉबर्ट गिल म्हटलं की आपल्याकडे आधी त्याची प्रेयसी पारो आठवते. ना. धों. महानोरांची दीर्घकविता आली, पुढे नितीन देसाईंचा सिनेमा आला, आणि अजिंठा गावातलं तिचं थडगं पर्यटकांच्या वाटेवर आलं. त्या गोष्टीशी माझं भांडण नाही. फक्त तिच्यापायी गिलचं एक काम मागे पडलं, याची रुखरुख आहे. ते काम म्हणजे त्यानं काढलेले अजिंठ्याचे फोटो. त्यांची गोडी लागायची तर थोडं रसायनशास्त्र पदरी हवं, म्हणूनच कदाचित रसिक तिकडे फिरकत नसावेत.

मद्रास सैन्यातला हा अधिकारी 1844 साली भित्तिचित्रांच्या नकला करायला निजामाच्या मुलखात आला आणि इथलाच होऊन राहिला. मोठमोठ्या तैलचित्रांत त्याची वर्षं गेली. मधल्या काळात कॅमेरा हाती आला. 1864 साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींचा मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. एकात 74 फोटो, दुसऱ्यात 100 जोडफोटो. जोडफोटो म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतरानं टिपलेली दोन चित्रं, स्टिरिओस्कोपातून पाहिली की खांबामागे खांब सरकत जाणारी. दोनच वर्षांनी, डिसेंबर 1866 मध्ये, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे टांगलेली त्याची बहुतेक तैलचित्रं जळाली. फोटो वाचले.

एकोणिसाव्या लेण्याचा त्यानं टिपलेला दर्शनी भाग सावकाश पाहावा. वर पिंपळपानी कमानीचं मोठं गवाक्ष, दोन्ही अंगांना भरदार देहाचे यक्ष, खाली दोन खांबांचा मुखमंडप, आणि उरलेल्या जागेत लहानमोठ्या बुद्धमूर्तींची दाटी. समोर उभं राहिलं तर हा दगड डोळ्यांना एकसुरी वाटतो. उन्हाची तिरीप, आपली घाई, मागून येणारी गर्दी, सगळं आड येतं. फोटोत मात्र कंगोरा न् कंगोरा सुटा होतो. खांबावरची नक्षी बोटानं चाचपावी इतकी उठून येते. दाराच्या आतला काळोख खोल आहे, पण मेलेला नाही. आणि गिलच्या ज्या फोटोंत वर आकाश आलं आहे, तिथे ते कोरं पांढरं आहे. ढगाचा मागमूस नाही. झाडं जवळजवळ काळी.

ही निवड गिलची नव्हे. ती काचेवरच्या लेपाची आहे. या फोटोंचा आस्वाद घ्यायचा म्हणजे गिलचं काय आणि लेपाचं काय, हे वेगळं करत जायचं.

लेपाचं नाव कोलोडियन. गन कॉटन म्हणजे नायट्रिक आणि गंधकाम्लात भिजवून काढलेला कापूस. तो इथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला की मधासारखा दाट, पारदर्शक द्रव मिळतो. त्यात आयोडीन-ब्रोमीनचे क्षार मिसळायचे. स्वच्छ काच बोटांवर तोलून धरायची, मधोमध द्रव ओतायचा आणि धिरड्याचं पीठ तव्यावर फिरवावं तसा, काच कलती करत चारी कोपऱ्यांना पोचवायचा. उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत. इथून पुढे घड्याळाशी शर्यत. काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आयोडाइडशी चांदी जुळून लेप दुधाळ होतो. मग ओलीच काच कॅमेऱ्यात. ओलीच बाहेर काढून हिराकशीच्या किंवा मायफळापासून निघणाऱ्या पायरोगॅलिक आम्लाच्या पाण्यानं चित्र उठवायचं. लेप वाळला की खेळ संपला. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं मिळत.

आता हे अजिंठ्याच्या लेण्यांपुढच्या वाघोरेच्या दरीत करून पाहा. इथर 35 अंशांच्या आसपास उकळतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि दरीतला काळा दगड दुपारभर तापलेला असतो. लंडनच्या पुस्तकातली कृती इथे मिनिटामिनिटानं आखडत जाते. पावसाळ्यात नदीला पाणी, पण उजेड मिणमिणता. उन्हाळ्यात उजेड भरपूर, पण धुवायला पाणी कुठून आणायचं? या सगळ्यातून एकसारखा, सुरकुती न पडलेला, कोपऱ्यापर्यंत शाबूत असा लेप निघतो, तिथे मी गिलला पहिली दाद देतो. चित्रचौकटीची दाद नंतर. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की काळा डाग पडतो आणि दिवसेंदिवस जात नाही. पारोच्या प्रियकराची बोटं अशी काळी असणार, हे कुठल्या कवितेत यायला हरकत नव्हती.

त्याच्या बाटल्यांकडेही नीट पाहावं. शतकभराचं रसायनशास्त्र त्या पेटीत भरलं होतं, आणि त्यातलं कुणीच फोटोसाठी निघालं नव्हतं. आयोडीन 1811 मधलं. नेपोलियनच्या युद्धांत बंदुकीच्या दारूला सोरा कमी पडू लागला, तेव्हा समुद्रशेवाळाच्या राखेशी झगडणाऱ्या बर्नार कूर्त्वाला एका कढईवर जांभळी वाफ दिसली. ब्रोमीन 1826 मधलं. मॉन्पेलिएजवळच्या मिठागराच्या पाण्यातून आंतुआन बालारला मिळालं, तेव्हा तो पंचविशीही गाठलेला नव्हता. गन कॉटन 1846 च्या सुमाराचं, बाझलच्या शॅनबाइनचं. फौजांना त्यात तोफेची दारू दिसली, डॉक्टरांनी त्याचंच कोलोडियन जखमेवर लावायला घेतलं. चित्र पक्कं करणारा हायपो तर सर्वांत मजेशीर. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेलनं 1819 मध्येच नोंदवलं होतं. पुढची वीस वर्षं ते ज्ञान नुसतं पडून होतं, कारण विरघळवून टाकावी अशी चांदी कुणाच्या काचेवर नव्हतीच.

या सगळ्यांची गाठ मारली फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं, मार्च 1851 मध्ये. आर्चरचा मूळ धंदा शिल्पकाराचा. तरुणपणी चांदीकामाच्या दुकानात उमेदवारी केलेली. पुतळ्यासाठी माणसांचे चेहरे नीट टिपता यावेत म्हणून तो फोटोकडे वळला होता. आधीची टॅलबटची पद्धत कागदावरची. कागदाचे तंतू चित्रात उतरत आणि कडा भुरकट होत. आर्चरला छिन्नीची कड हवी होती, म्हणून त्यानं काच आणि तंतुहीन लेप धरला. त्यानं पेटंट घेतलं नाही आणि 1857 साली हलाखीत वारला. एका मूर्तिकारानं मूर्तिकाराच्या गरजेपोटी शोधलेली पद्धत जगातल्या उत्तमोत्तम कोरीवकामासमोर उभी राहिली, आणि एकोणिसाव्या लेण्याच्या फोटोतली ती बोटाला टोचणारी कड तिथून येते. मला तरी ही भेट पारोच्या गोष्टीहून कमी रम्य वाटत नाही.

कागदावरच्या प्रतीबद्दल फार लांबण लावत नाही. अंड्याचं पांढरं मिठासह फेटून कागदाला फासायचं, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, मग काचेखाली उन्हात ठेवायचं. शेवटी सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवलं की तांबूस छटा जाऊन जांभळट-तपकिरी गांभीर्य येतं. आज या प्रतींचे उजळ भाग पिवळसर पडलेत, ते अंड्यातल्या गंधकानं मागे राहिलेल्या चांदीला धरल्यामुळे. त्या पिवळेपणाला जुन्या काळाचा सुवास वगैरे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो दोष आहे. गिलनं पाहिलेली प्रत यापेक्षा कडक, थंड आणि पांढरीशुभ्र होती. आस्वाद घेताना मनातल्या मनात तेवढं पुसून घ्यावं.

खरा पेच पुढे आहे. गिल इथे आला रंगांसाठी, आणि त्याचे नावाजलेले फोटो आहेत दगडाचे. असं का?

कोलोडियनच्या काचेला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा न दिसणारा प्रकाश कळतो. म्हणून निळं आकाश आणि पांढरा ढग तिला सारखेच, दोन्ही कोरे. हिरवी झाडं काळी पडतात तीही म्हणूनच. लाल-पिवळा तर तिच्या लेखी अंधार. याचाच फायदा घेऊन अंधारखोलीत पिवळ्या-नारिंगी काचेचा कंदील लावत. त्या उजेडात काच निर्धास्त हाताळता येई. आता अजिंठ्याच्या भिंती आठवा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुन्याचा पांढरा, आणि परदेशातून आलेला लाजवर्दी निळा. पद्मपाणीच्या अंगाची जी ऊब आपल्याला खिळवते, ती लोहाच्या मातीची, म्हणजे नेमकी कंदिलाच्या काचेतून येणाऱ्या उजेडाची. काचेला ती दिसूच शकत नाही. लाजवर्दी भडक उजळ उठेल आणि शेजारचा गेरू डांबरासारखा काळा. त्यात आतला उजेड मुळातच क्षीण. चित्रकारानं हजारदीड हजार वर्षांपूर्वी तोललेलं उजळ-गडदचं गणित काच उलटंपालटं करून ठेवते.

म्हणून कुंचला खाली ठेवायची सोय नव्हती. गिलची तैलचित्रं जळाल्यावर 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि पुन्हा हातानंच नकला करू लागले. रंग खुलावेत म्हणून भिंतीला व्हार्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडून मुळावर आलं. त्यांच्याही बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. या कामाला आगीचं ग्रहण होतं खरं.

काचेचा आंधळेपणा गेला तो बर्लिनला, 1873 मध्ये. हर्मान फोगेलला दिसलं की लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ते रंगद्रव्य जो प्रकाश शोषतं, तो काचेलाही कळू लागतो. त्यानं वापरलेलं कोरॅलिन हे दगडी कोळशाच्या डांबरापासूनचं. डांबरातून रंग काढायच्या उद्योगाला तोंड फुटलं होतं विल्यम पर्किनमुळे. हिवतापावरचं क्विनाइन बनवायला निघालेल्या या अठरा वर्षांच्या मुलाच्या भांड्यात काळा गाळ जमला आणि त्यातून जांभळा रंग हाती आला. साल 1856, पारोच्या थडग्यावरही तेच साल आहे. योगायोगाला अर्थ चिकटवायची मला सवय नाही, नोंद तेवढी करतो.

फोगेलचा शोध जाहीर झाला तेव्हा गिल हयात होता. 1879 साली तो गेला, भुसावळला त्याचं दफन झालं. रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात रुळायला आणखी बरीच वर्षं जायची होती. भिंतींवरचे रंग फोटोत धरायचं काम पुढे हैदराबाद संस्थानानं अंगावर घेतलं, आणि गुलाम याझदानींच्या ग्रंथाचा पहिला भाग 1930 मध्ये ई. एल. व्हॅसीच्या रंगीत छायाचित्रांसह निघाला. तो ग्रंथ मोलाचा आहेच. तरीही घरात एकच फ्रेम लावायची झाली तर मी गिलचं एकोणिसावं लेणं लावीन. व्हॅसीचे रंग भिंतीशी ताडून पाहावे लागतात आणि दर वेळी भिंतच जिंकते. गिलची काच निदान दगडाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांहून जास्त पाहते.