पेशी वाढवणे म्हणजे कूर्चा घडवणे नव्हे

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ या पाठ्यपुस्तकातील ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हे प्रकरण शिकवताना वर्गात शंका फारशा येत नाहीत. मूलपेशी म्हणजे काय, त्या कोठून मिळतात, त्यांचे उपयोग कोणते, हे मुद्दे परीक्षेच्या दृष्टीने सोपे आहेत. मुले ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. पण चाकणजवळच्या आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर जवळ येऊन विचारले, “सर, माझी आई कंपनीत पॅकिंगला आहे. आठ तास उभी असते. तिच्या गुडघ्यातली गादी झिजलीय. एका ठिकाणी स्टेम सेलचे इंजेक्शन देतात, त्याने नवी गादी येते म्हणतात. पुस्तकातही तसेच आहे ना?” त्या इंजेक्शनासाठी घरात पतसंस्थेचे कर्ज काढण्याचे बोलणे चालले होते.

पुस्तकात नेमके तसे नाही. पण पुस्तक वाचून मुलाचा तसा समज झाला, यात दोष त्याचा नाही. म्हणून या पाठ्यभागाची थोडी तपासणी करावीशी वाटते.

प्रथम जमेची बाजू. २०१८ साली हे पुस्तक आले आणि मूलपेशींचे प्रकार, त्यांचे जतन, त्यांचे उपयोग हे सारे मराठी माध्यमाच्या मुलांना शालेय पातळीवर स्वभाषेत वाचायला मिळाले. ही गोष्ट लहान नाही. उणीव आहे ती उपयोगांच्या यादीत. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण कित्येक दशके रूढ आहे. त्या कामासाठी डोनॉल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मधुमेह किंवा अल्झायमर यांवरचे पेशी-उपचार अद्याप मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यात आहेत. आणि मूलपेशींपासून घडवलेले संपूर्ण वृक्क किंवा यकृत अजून कोणत्याही रुग्णाला बसवलेले नाही. या तिन्ही गोष्टी एकाच यादीत, एकाच सुरात येतात. ‘होते’, ‘करून पाहत आहेत’ आणि ‘कधीतरी होईल’ यांतला फरक मुलाला कळत नाही.

हा फरक समजावण्यासाठी कूर्चेचे उदाहरण फार उपयोगी पडते. नववीत ऊतींचे प्रकार शिकवताना आपण कूर्चा, म्हणजेच कास्थी, संयोजी ऊतींच्या यादीत सांगून मोकळे होतो. तेथे शिकलेली एक गोष्ट दहावीत आठवायला हवी. संयोजी ऊतीत पेशी विरळ असतात आणि त्यांच्याभोवतीचे आधारद्रव्य पुष्कळ असते. सांध्यातील कूर्चेत तर पेशींचा वाटा घनफळाच्या काही टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. बाकी सारे म्हणजे पाणी, कोलॅजनचे तंतू आणि पाणी धरून ठेवणारी प्रोटिओग्लायकन नावाची द्रव्ये. घट्ट विणीच्या जाळीत ओला स्पंज कोंबून भरावा, तशी ही रचना असते. पाऊल टेकले की दाबाने थोडे पाणी बाहेर सरते, पाऊल उचलले की परत येते. गुडघ्यात हा थर बहुतेक ठिकाणी अवघा २ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो जन्मभर आपला भार पेलतो.

याचा अर्थ असा की, जे घडवायचे आहे ते मुख्यतः पेशी नव्हेतच. पेशी हे कारागीर. वस्तू आहे ती आधारद्रव्याची. पाठ्यपुस्तकातील मांडणी मात्र पेशी मिळाली की अवयव मिळाला, अशा थाटाची आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे जखम झाली तरी भरून काढायला सामग्री पोहोचत नाही. विल्यम हंटर या ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच नोंदवले होते की नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. यावर पहिला गंभीर तोडगा निघाला तो स्वीडनमध्ये. गॉथेनबर्ग येथील डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेचा लहान तुकडा काढून त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खड्डा पडलेल्या जागी पुन्हा सोडल्या. १९९४ साली त्यांनी २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाच्या टोकावरील खड्डे असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना चांगला गुण आला; गुडघ्याच्या वाटीवरील ७ जणांपैकी फक्त दोघांना. जागा बदलली, भार बदलला, की निकालही बदलला.

यात एक मोठी अडचण होती. सपाट बशीत वाढवताना कूर्चापेशी आपला धंदा विसरतात! त्या चपट्या होतात आणि कूर्चेतील प्रकार २ ऐवजी त्वचेत व व्रणात आढळणारे प्रकार १ चे कोलॅजन बनवू लागतात. म्हणून लक्ष मूलपेशींकडे वळले. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतील पेशी नळीत फिरवून त्यांचा लहानसा गोळा केला, त्यांना ठरावीक वाढघटक दिले, आणि त्यांनी कूर्चेसारखे द्रव्य बनवले. पण येथे उलट अडचण आली. या पेशी कूर्चेवर थांबत नाहीत. फुगत जातात आणि हाड होण्याच्या वाटेला लागतात. गर्भात आपली लांब हाडे अशीच आधी कूर्चेची असतात आणि मग हाडाची होतात. पेशींना तोच रस्ता ठाऊक. त्यांना मध्येच थांबवायचे कसे, हा आजही संशोधनाचा विषय आहे.

आपल्या भागातील मुलांना बेअरिंगचे उदाहरण चटकन समजते. घरीही ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असेच म्हणतात. ते उदाहरण जरूर द्यावे, पण तेथेच थांबू नये. बेअरिंग झिजले की मशीन बंद करून नवे बसवतात. कूर्चेला चालत्या मशीनमध्येच स्वतःचे द्रव्य घडवायचे आणि राखायचे असते. शिवाय संधिवातात खड्डा एक नसतो. सगळा सांधाच बिघडलेला असतो.

भारतात आज काय उपलब्ध आहे? लोणावळ्यात प्रयोगशाळा असलेल्या एका कंपनीच्या कूर्चापेशी-उपचाराला २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. पण त्यात रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवतात, मूलपेशी नव्हेत. बंगळुरूच्या एका कंपनीच्या, दात्यांच्या अस्थिमज्जेपासून केलेल्या पेशींना गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यांची परिणामकारकता प्रामुख्याने वेदना, ताठरपणा व हालचाल या मापांवर तपासली गेली. दुखणे कमी होणे आणि नवी कूर्चा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला मूलपेशी-उपचार केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

मी त्या मुलाला होय किंवा नाही असे उत्तर दिले नाही. ते माझे काम नव्हे. तीन प्रश्न मात्र लिहून दिले: इंजेक्शनात नेमक्या कोणत्या पेशी आहेत? त्याला औषध नियंत्रकांची मान्यता आहे की ही चाचणी आहे, आणि चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय? कूर्चा वाढली हे कशावरून ठरवणार? आईबरोबर जाऊन त्याने हे विचारले. नोंदणी क्रमांक मिळाला नाही. कर्ज काढायचे राहिले. आई आता सरकारी रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाते, व्यायाम करते. गुडघा अजून दुखतो.

पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तीत उपयोगांच्या यादीपुढे ‘रूढ’, ‘चाचणीत’, ‘संशोधनात’ असा एक रकाना वाढवला तरी पुष्कळ होईल. तोवर हा रकाना शिक्षकांनी फळ्यावर आखावा. कोंबडीच्या तंगडीच्या टोकावरचा पांढरट, चकाकता, गुळगुळीत थर वर्गात दाखवावा. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी स्वतःच्या कानाची पाळ सोडून वरचा भाग वाकवून पाहावा. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात मूलपेशींवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथील एखाद्या संशोधकाला शाळेत बोलवावे आणि मुलांनी त्यांना विचारावे, “तुमचा कोणता प्रयोग फसला, आणि का?” त्या उत्तरातून मूलपेशी जेवढ्या समजतील, तेवढ्या उपयोगांच्या यादीतून समजणार नाहीत.