ऑलिंपिक विजेत्यांची यादी : पुराव्याची छाननी

ग्रीक इतिहासांतील पहिलें निश्चित वर्ष म्हणून इ. स. पू. ७७६ चा निर्देश पुष्कळ ग्रंथांत आढळतो. त्या वर्षीं ऑलिंपिया येथील धावण्याच्या शर्यतींत एलिसचा कोरोइबोस विजयी झाला, एवढाच त्यास आधार. हा आधार कितपत अस्सल, हें पाहणें अगत्याचें आहे.

विजेत्यांची यादी प्रथम सिद्ध केली ती एलिसच्याच हिप्पियासनें, इ. स. पू. ४०० च्या सुमारास. म्हणजे कोरोइबोसानंतर सुमारें पावणेचारशें वर्षांनीं. तो ग्रंथ लुप्त आहे. आज मिळते ती यादी युसेबियसच्या इ. स. चवथ्या शतकांतील ग्रंथांत उतरलेली. हिप्पियासपाशीं विश्वसनीय साधन नव्हतें, असें प्लुटार्कनें नुमाच्या चरित्रांत स्पष्ट म्हटलें आहे. थ्युसिडिडीसही विजेत्याचें नांव देतो, ऑलिंपियदाचा अनुक्रमांक देत नाहीं.

मग सबंध यादी टाकाऊ समजावी काय? १८८१ सालीं महाफीनें तिच्या प्राचीन भागावर कठोर आक्षेप घेतले. पुढें १८९९ सालीं ऑक्सिरिंकस येथील एक पपायरस प्रसिद्ध झाला. त्यांत इ. स. पू. ४८० ते ४६८ व ४५६ ते ४४८ या काळांतील विजेते आहेत. ४७२ सालचा धावपटु आर्गोसचा दांदिस हा त्यांत व युसेबियसांत एकच आहे. लोक्रीचा मुष्टियोद्धा युथिमोस त्यांत ४७६ व ४७२ या सालीं येतो; पौसेनियस हींच सालें देऊन ४८४ चा विजय अधिक सांगतो; आणि ऑलिंपियास सांपडलेल्या पुतळ्याच्या बैठकीवर युथिमोसाचे तीन विजय कोरलेले आहेत. तीन स्वतंत्र साक्षी जुळल्यावर पांचव्या शतकापुरती शंका उरत नाहीं.

परंतु पांचव्या शतकाच्या साक्षीनें आठवें शतक सिद्ध होत नाहीं. उत्खननांत यात्रेकरूंसाठीं खणलेल्या विहिरी इ. स. पू. ७०० च्या सुमारापासून आढळतात. त्यावरून माल्विट्झनें १९८८ सालीं खेळांचा आरंभ अलीकडे आणला. तेंही निर्णायक नव्हे, कारण लहान मेळ्यास विहिरींची गरज पडतेच असें नाहीं.

सारांश, ७७६ हें वर्ष ‘परंपरागत गणनेप्रमाणें’ एवढी पुस्ती जोडूनच द्यावें. बखरींतील शक व अस्सल पत्रावरील तिथि यांत आपण जो भेद करितों, तोच येथेंही केला पाहिजे.