ध्वजाची चौकडी : स्मरणवस्त्राच्या एका कल्पनेची चिकित्सा

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात खानदेशातल्या एका संस्थेने आपल्या कार्यकर्त्यांसाठी स्मरणवस्त्र काढायचे ठरवले. स्कॉटलंडच्या टार्टनसारखी, पण तिरंग्याच्या रंगांची चौकडी असलेले उपरणे, अशी ती कल्पना होती. ‘तुम्ही कापडाचा अभ्यास करता, आराखडा तुम्हीच द्या,’ असा निरोप मला आला. वस्त्रविद्येची पदवी माझ्याकडे नाही. वडील धुळ्यात गिरणीच्या साचेखात्यात होते. उभ्या-आडव्या धाग्यांचे व्याकरण त्यांच्याकडून शिकलो; बाकीचे रद्दीतल्या पुस्तकांतून आणि ग्रंथालयांतून. चार महिने खपून मी आराखडा दिला. उपरणी वाटली गेली तेव्हा हाती आले ते पॉलिएस्टरवर छापलेले तिरंगी चौकोन.

राग आला, हे लपवत नाही. पण राग ओसरल्यावर एक प्रश्न मागे उरला. समजा, माझा आराखडा जसाच्या तसा मागावर चढला असता, तर तो तरी बरोबर ठरला असता का? त्या प्रश्नाचा हा पाठपुरावा आहे.

१

आधी टार्टन म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे चौकडी नवी नाही. लुगड्यात आहे, लुंगीत आहे, पंचा-टॉवेलात आहे. टार्टनचे वेगळेपण असे की, त्यात रंगीत धाग्यांचा एक ठरावीक क्रम आणि ठरावीक संख्या असते, आणि तोच क्रम उभ्या व आडव्या दोन्ही धाग्यांत पाळला जातो. बहुतेक टार्टनांत हा क्रम एका टोकाला पोचला की आरशातल्यासारखा उलटा फिरतो. वीण ट्विलची, म्हणजे दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जाणारी. त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा दिसतात.

यातून एक साधे गणित निघते. केशरी धागा केशरीला छेदतो तिथे शुद्ध केशरी चौकोन मिळतो. केशरी हिरव्याला छेदतो तिथे दोघांची मिसळ दिसते. तीन रंग घेतले तर तीन शुद्ध आणि तीन मिश्र, अशा सहा छटा होतात. चार रंग घेतले तर दहा. टार्टनची सगळी गंमत या मिश्र छटांत आहे. छापील चौकडीत ही मिसळ धाग्यांची नसते, शाईची असते. म्हणून छापलेल्या टार्टनला टार्टनचे चित्र म्हणावे.

२

टार्टन हे स्कॉटलंडच्या घराण्यांचे सनातन निशाण आहे, असा समज आपल्याकडेही आहे. इतिहास तसे सांगत नाही. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईनंतर ब्रिटिश संसदेने डोंगराळ भागातल्या लोकांच्या वेशावर बंदी घातली. ती 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा सोहळा टार्टनमय करून टाकला. घराण्यागणिक टार्टन ठरवण्याची लाट त्यानंतर आली, आणि बॅनकबर्नच्या विल्सन यांच्यासारख्या विणकर-व्यापाऱ्यांनी ती पुरवली. 1842 साली निघालेला ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हा जुन्या हस्तलिखितावर आधारलेला म्हणून मिरवलेला ग्रंथ बनावट ठरला. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये या साऱ्या प्रकरणाला ‘परंपरेचा शोध’ या अर्थाने उदाहरण म्हणून मांडले.

म्हणून टार्टन खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. परंपरा नवी असली तरी लोकांनी ती मनापासून अंगावर घेतली. आज स्कॉटलंडमध्ये टार्टनांची सरकारी नोंदवही आहे. 2008 च्या कायद्याने ती निर्माण झाली, आणि जगातले कोणीही तिथे नवा आराखडा नोंदवू शकते. तेव्हा खानदेशाने टार्टन का करू नये, असा आक्षेप टिकत नाही. आक्षेप असलाच तर तो कसे करावे याबद्दल असू शकतो.

३

ध्वजाच्या स्मरणार्थ केलेल्या टार्टनाचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाचे आहे. कॅनडाचा मेपलपानाचा ध्वज 15 फेब्रुवारी 1965 रोजी फडकला. त्याच्या स्वागतार्थ टोरंटोच्या डेव्हिड वायझर यांनी 1964 मध्येच ‘मेपल लीफ टार्टन’ तयार केले होते. 2011 मध्ये कॅनडाने ते देशाचे अधिकृत चिन्ह म्हणून स्वीकारले.

ध्वजात दोनच रंग आहेत, तांबडा आणि पांढरा. वायझर यांच्या टार्टनात हिरवा, सोनेरी, तांबडा आणि तपकिरी असे चार रंग आहेत. हे रंग पानाच्या वर्षभराच्या प्रवासाचे : उन्हाळ्यातले हिरवे, शरदाच्या आरंभी सोनेरी, पहिल्या गारठ्याने तांबडे, गळून पडल्यावर तपकिरी. ध्वजावरचे पान एका क्षणी थांबलेले आहे. टार्टनात त्याचे वर्ष आहे. वायझर यांनी ध्वजाची नक्कल केली नाही. ध्वज ज्या झाडाकडे बोट दाखवतो त्या झाडाकडे ते गेले. मी हे वाचले तेव्हा माझा आराखडा देऊन झाला होता.

४

आता माझा आराखडा. धाग्यांचा क्रम असा : केशरी 48, पांढरे 12, निळे 24, पांढरे 12, हिरवे 48, मग उलटे फिरून पांढरे 12, निळे 24, पांढरे 12, आणि पुन्हा केशरी. एका फेऱ्यात 192 धागे. अशोकचक्राच्या 24 आऱ्या, म्हणून निळे धागे 24. चारही रंगांना एका फेऱ्यात 48-48 धागे मिळत होते. कागदावर मला हा मोठा न्याय वाटला होता.

मागाचा न्याय वेगळा असतो. प्रत्येक रंगाचा वाटा एक चतुर्थांश, म्हणून प्रत्येकाचा शुद्ध चौकोन कापडाच्या फक्त एक सोळांश. चारही मिळून कापडाचा चौथा हिस्सा शुद्ध रंगाचा आणि तीन हिस्से मिसळीचे. तिरंग्यात मध्यावर स्वच्छ दिसणारा पांढरा रंग सोळा भागांतला एक भाग उरला, आणि त्याच्या पोटातले चक्र त्याच्याइतकेच मोठे झाले. केशरी आणि हिरवा जिथे छेदतात ती जागा कापडाच्या एक अष्टमांश भरते, आणि लांबून ती मातकट दिसते.

त्याहून मोठा दोष क्रमाचा. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजात वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा हा क्रम अर्थाचा भाग आहे. चौकडीला वर-खाली नसते. उपरणे कसेही खांद्यावर टाका, केशरी वर राहीलच असे नाही. जो ध्वज उलटा लावणे अनादर ठरतो, त्याचेच रंग मी अशा रचनेत घातले होते, जिथे उलटे-सुलटे ही भाषाच नाही.

काही मित्र म्हणाले, हेच बरे, कायद्याची अडचण नको. त्यात तथ्य आहे. 1971 च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा कायद्यात ध्वजाच्या दृश्य प्रतिरूपाचाही समावेश होतो. 2005 च्या दुरुस्तीने कमरेखालच्या पोशाखात ध्वजाचा वापर आणि कापडावर त्याची छपाई निषिद्ध ठरवली. चौकडीत ध्वज ध्वज म्हणून उरत नाही, त्यामुळे ती या कक्षेबाहेर राहते, असे माझे वाचन आहे. पण मग ती कशाची आठवण देते? ओळखू आली तर ध्वजाची अवहेलना, ओळखू आली नाही तर स्मरण कसले, या पेचातून माझा आराखडा सुटत नव्हता. छापील उपरणे वाईट होते. माझे विणलेले उपरणेही चुकीचेच झाले असते.

५

खानदेशात ध्वज ही नक्षीची बाब नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन गोळ्यांना सामोरा गेला. त्याच्यासोबतचे बालमित्रही त्या गोळीबारात पडले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होते. ज्या मातीत हे घडले तिथे ध्वजाचे रंग सजावटीसाठी घेताना हात थोडा थबकायला हवा.

त्याच खानदेशाने दुसरा धडाही दिला आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. त्याची सजावट गांधीजींनी नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली. नंदबाबूंनी शहरातून सामान मागवले नाही. बांबूसारख्या गावच्या साध्या वस्तूंतून त्यांनी नगर उभे केले. राष्ट्राचा उत्सव होता, पण साहित्य फैजपूर परिसराचे होते. वायझर यांनी पानाबाबत जे केले तेच नंदबाबूंनी त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी आपल्या गावात केले होते, आणि मी मात्र ते पाहण्याआधी धागे मोजत बसलो होतो.

६

तर खानदेशाचे स्मरणवस्त्र कसे असावे? माझा आजचा प्रस्ताव असा. रंग ध्वजातून घेऊ नयेत, ध्वजाच्या कापडातून घ्यावेत. ध्वज मुळात खादीचा, म्हणजे कापसाचा (30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने पॉलिएस्टर आणि यंत्रावरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली, ही गोष्ट अलीकडची). आणि कापूस ही आमची ओळख. त्याचेही वर्ष असते : काळी माती, हिरवे पान, पहिल्या दिवशी फिकट पिवळे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारे फूल, पांढरे बोंड, आणि वेचणी संपल्यावर उभी राहणारी तपकिरी पऱ्हाटी. या रंगांची मिसळ झाली तर कोणाचा अवमान होत नाही. शेतातही ते मिसळलेलेच असतात. पांढऱ्याचा वाटा मात्र मोठा ठेवावा, कारण वर्षभराचे कष्ट त्या रंगासाठी असतात. कोणी विचारले, यात तिरंगा कुठे आहे, तर सांगता येईल की हा त्याचा धागा आहे.

अट एकच. ते विणलेले असावे, छापलेले नसावे, आणि शक्य तर इथल्याच मागावर. जळगावच्या खानदेश मिलच्या जागी आज खानदेश सेंट्रल उभे आहे. वडिलांच्या खात्यातले साचे केव्हाच भंगारात गेले. पण धुळ्या-मालेगावात यंत्रमाग अजून चालतात, आणि दोन मीटरच्या चौकडीसाठी एक माग पुरतो. नवा आराखडा मी कागदावर मांडला आहे. या वेळी तो कोणत्याही संस्थेकडे न नेता आधी एका विणकराला दाखवणार आहे. चूक असेल तर ती त्याला पहिल्या वीतभर कापडातच दिसेल.